गजावरच्या खुणा

बंदूक विकत घेतली की माणूस बंदूकवाला झाला, असा आपला साधारण समज असतो. काडतुसाच्या बंदुकीपुरता तो खराही असेल. ती बंदूक दुकानातून घरी येते तेव्हा पूर्ण होऊनच आलेली असते. ठासणीच्या बंदुकीचे तसे नाही. ती घरी येते तेव्हा एका लाकडी दस्त्यावर बसवलेली लोखंडी नळी एवढेच तिचे स्वरूप असते. तिची बंदूक व्हायची ती दर वेळी नव्याने, आणि ती आपल्या हातांनी करावी लागते. आधी दारू, तिच्यावर बोळा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोळा, आणि शेवटी बुडाशी टोपी. या क्रमात माणसाला विचार करायला पुष्कळ अवधी मिळतो, आणि विचार करायला अवधी मिळणे ही काही नेहमीच सोयीची गोष्ट नसते. मारण्याचा निर्णय माणूस नेमका कोणत्या क्षणी घेतो, हा प्रश्न मला आयुष्याच्या साठाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. तो बंदुकीने पाडला.

माझे घर बिडकीनला. संभाजीनगरहून पैठणला निघाले की चितेगाव, मग बिडकीन, मग ढोरकीन, आणि पुढे नाथांचे पैठण. गावाच्या शिवारात आता मोठी औद्योगिक वसाहत उभी राहत आहे आणि ज्या रानात आम्ही बोरे वेचली तिथे चौपदरी रस्ते झाले आहेत. शाळेतली नोकरी संपल्यावर माझ्याकडे सात एकर जमीन उरली. मका, तूर, कपाशी आणि थोडी मोसंबी. ओढ्याच्या दोन्ही काठांना वेडी बाभूळ माजली आहे. तिच्या जाळीत दिवसा रानडुकरे पडून असतात आणि रात्री मक्यात उतरतात. ज्याने हा प्रकार पाहिला नाही त्याला डुक्कर पीक खाते एवढेच वाटेल. खाते ते थोडे. लोळवते, उकरते, मोडते ते फार. सकाळी शेतावर जावे तर एखाद्या पंगतीत बैल सोडावेत तसे झालेले असते.

राखणीचे जे उपाय आपल्या लोकांना माहीत आहेत ते सगळे करून झाले. माळा बांधला, डबे बडवले, जुन्या साड्या बांधल्या, फटाके उडवले. डुक्कर हे मोठे शहाणे जनावर आहे. पहिल्या रात्री ते फटाक्याला पळते, तिसऱ्या रात्री थबकते, आठव्या रात्री कणीस खाता खाता ऐकते. शेजारचे आबा मला म्हणाले, “गुरुजी, तार लावा. एक आकडा टाकला की काम फत्ते. मी कुणाला सांगतोय?”

आबा माणूस वाईट नाही. वारकरी आहे, माळ घातलेली आहे, घरी मांस शिजत नाही. कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडणे हा गुन्हा आहे आणि त्या तारेला चिकटून माणसेही मरतात, हे त्यांनाही ठाऊक आहे. अशा बातम्या दर हंगामात येतात. रात्री पाणी द्यायला निघालेला शेतकरी, पहाटे उठलेली मजूर बाई, कुणाचे तरी वासरू. तरीही माळकऱ्याला तार सुचते, बंदूक सुचत नाही. का? मला वाटते, तारेत मारणारा हजर नसतो. तो घरी झोपलेला असतो. तारेने जनावर मेले तर ते तारेने मेले. बंदुकीने मेले तर ते मी मारले. हिंसेचा तिरस्कार आणि हिंसेपाशी हजर राहण्याचा कंटाळा या दोन गोष्टी वरवर इतक्या सारख्या दिसतात की माणूस स्वतःलाही फसवू शकतो.

मी बंदुकीसाठी अर्ज केला. आपल्या कायद्याने ठासणीच्या बंदुकीला एक वेगळी जागा दिली आहे, हे तोपर्यंत मला माहीत नव्हते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या तेराव्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद स्वतंत्रपणे सांगितली आहे. एवढ्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच त्याने दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, असाही त्यात भाव आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी शेतकऱ्याकडे पाहिले तेव्हा त्यांना असे वाटले असावे की याला एक बार पुरेसा आहे. दुसरा बार भरायला जो वेळ लागेल तो लागू द्यावा. सातबारा, फोटो, पोलिसांची चौकशी, कचेरीतले हेलपाटे या गोष्टी मी सांगत बसत नाही. ज्यांनी रेशनकार्डावर नाव चढवले आहे त्यांना त्या पाठ आहेत.

मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. परवाना हातात आला म्हणजे डुक्कर मारण्याचा अधिकार आला, असे नाही. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा वेगळा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि उभ्या पिकाला धोका झाला तरी त्याला मारायचे तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. तेव्हा एक कागद म्हणतो, बंदूक ठेव. दुसरा म्हणतो, मला विचारल्याशिवाय मारू नकोस. लोक याला सरकारी गोंधळ म्हणतात. मला तो गोंधळ वाटत नाही. हत्यार जवळ असणे आणि ते वापरण्याचा अधिकार असणे यांत अंतर असावे, ही फार जुनी शहाणपणाची गोष्ट आहे. ते अंतर माणसाच्या मनात असते तर कागदावर आणावे लागले नसते, इतकेच.

शहरातल्या ज्या दुकानात मी बंदूक घेतली तिथे एक वृद्ध कारागीर बसत. दुकानात सगळे त्यांना चाचा म्हणत. मीही म्हणू लागलो. मी शहाण्यासारखे विचारले, “चाचा, रायफल आहे ना ही?” ते हसले. रायफलीच्या नळीला आतून पीळ दिलेले चर असतात, त्याने गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि लांबवर नेम राखते. ठासणीच्याही रायफली असतात. पण पिकाच्या परवान्यावर मिळणारी ही बंदूक आतून गुळगुळीत. पन्नास पावलांच्या पुढे तिच्या नेमावर भरवसा ठेवायचा नाही. “डुक्कर दिसला पाहिजे, गुरुजी,” ते म्हणाले, “नुसता हलला म्हणून चालत नाही. खसखस वाजली म्हणून बार टाकणारे लोक शिकारी नसतात, ते भित्रे असतात.”

त्यांनी मला बंदूक घ्यायला शिकवले, म्हणजे खरे तर नाकारायला शिकवले. पहिल्या बंदुकीला दस्ता खांद्याला बसेना. दुसरीचा घोडा अर्ध्यावर ठेवला की टिकत नव्हता. चापाला हात न लावता नुसता धक्का दिला तरी पडे. तिसरीच्या नळीत त्यांनी पांढरी चिंधी घालून फिरवली आणि बाहेर काढून मला वास घ्यायला लावला. गंजाला वास असतो हे मला तेव्हा समजले. चौथी घेतली. ती दिसायला सर्वांत साधी होती. जिम कॉर्बेटने आपल्या लहानपणीच्या पहिल्या बंदुकीचे वर्णन केले आहे. ती दुनळी ठासणीची होती, तिची एक नळी फुटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने जखडलेला होता. पुढे एवढ्या मोठ्या झालेल्या शिकाऱ्याची सुरुवात एका फुटक्या नळीने झाली, ही गोष्ट मला आवडते. पण चाचांनी ती बंदूक दुकानाबाहेर जाऊ दिली नसती.

बंदुकीपेक्षा तिचा सरंजाम मोठा. दारू ठेवायला शिंग. मापायला पितळी माप, कारण शिंगातून थेट नळीत दारू ओतायची नाही. आधीच्या बाराचा एखादा निखारा तळाशी राहिलेला असला तर सगळे शिंग हातात पेटते. ठासायला गज. बोळ्यासाठी चिंध्या, कोकणात नारळाचा काथ्या वापरतात, आमच्याकडे जुने धोतर. तांब्याच्या टोप्या, ज्यांना कोकणातले लोक केप म्हणतात आणि ज्यांच्यावरून ते या बंदुकीलाच केपाची बंदूक म्हणतात. बुडाचे भोक मोकळे करायला दाभणासारखी सुई. गजाच्या टोकाला बसवायचा एक पेच, ज्याच्याविषयी पुढे सांगणार आहे. आणि धुण्यासाठी गरम पाणी. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही दारू जळते तेव्हा निम्म्याहून अधिक मळ म्हणून मागे उरते. तो मळ हवेतला ओलावा ओढतो आणि रात्रीतून नळी खायला लागतो. तेव्हा बार काढला की धुवायची, पुसायची, तेल द्यायचे. कितीही दमलेले असा. ज्या हत्याराचा वापर केल्यावर लगेच धुणीभांडी करावी लागतात ते हत्यार सणकीत वापरण्याचा मोह कमी होतो, असे माझ्या पत्नीचे मत आहे. दिवाळीत पोरे जो भुईनळा लावतात त्याच्यातली दारू याच कुळातली. पण पोरांना नळा धुवावा लागत नाही.

मग चाचांनी गजावर खुणा केल्या. रिकाम्या नळीत गज सोडला, तो जिथवर आत गेला तिथे नळीच्या तोंडाशी कानशीने एक रेघ ओढली. दारूचे एक माप आणि बोळा एवढेच ठासल्यावर गज जिथे थांबतो तिथे दुसरी. छर्रे आणि वरचा बोळा घातल्यावर तिसरी. “ही रिकामी,” ते म्हणाले, “ही आवाजाची, आणि ही मौतीची. बंदुकीला तोंडाने विचारू नका, गजाने विचारा. माणूस विसरतो, गज विसरत नाही.”

माझा सगळा विचार या तीन रेघांपासून सुरू झाला. पहिली आणि दुसरी रेघ यांच्यामध्ये फक्त आवाज आहे. दारू आणि बोळा ठासून बार काढला तर गाव जागे होईल असा दणका होतो, धुराचा लोट उठतो, डुकरे पळतात, आणि कुणी मरत नाही. फटाक्याला सरावलेले जनावर या आवाजाला, निदान माझ्या शेतात तरी, इतक्या लवकर सरावले नाही. दुसरी आणि तिसरी रेघ यांच्यामध्ये मूठभर छर्रे आहेत, म्हणजे बोटभर अंतर. काडतूस विकत घेणाऱ्याला हे बोटभर अंतर कधी दिसतच नाही. त्याच्या वतीने कारखान्यात कुणीतरी ते आधीच ओलांडलेले असते. त्याला उरतो फक्त चाप. म्हणून तो समजतो की निर्णय चापापाशी आहे: सावज समोर आले, क्षण आला, बोट हलले. हे सगळे क्षणाच्या हातात आहे असे म्हणण्याची त्याला सोय आहे. ठासणीवाल्याला ती नाही. त्याने संध्याकाळी, कंदिलाच्या उजेडात, चहा पिऊन, पूर्ण शुद्धीवर असताना तिसरी रेघ गाठलेली असते. चाप ओढायच्या कितीतरी आधी त्याने मारलेले असते. मरणारा तेवढा यायचा असतो.

इथे कुणी म्हणेल, तर मग सावकाश चालणारे हत्यार हेच सज्जन हत्यार झाले. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी ज्या बंदुकांनी लढल्या त्या तोंडानेच भरायच्या होत्या. युरोपातल्या मूठभर देशांनी तीन-चार शतके जगभर जी माणसे मारली, गुलाम केली, ती बहुतेक याच जातीच्या हत्यारांनी. सावकाशपणाने कुणाचा हात धरला नाही. लोकांनी कवायत बसवून सावकाशपणावरच मात केली. एक रांग भरते, दुसरी उडवते. कवायतीचा हेतूच मुळी असा की ठासताना शिपायाने विचार करू नये. ज्या अर्थी विचार बंद करण्यासाठी एवढी कवायत करावी लागली, त्या अर्थी तिथे विचार येत असला पाहिजे, एवढाच निष्कर्ष मी काढतो.

आणि एकदा तो खरोखरच आला होता. १८५७ च्या २४ एप्रिलला मेरठच्या छावणीत तिसऱ्या हलक्या घोडदळातल्या ९० स्वारांना कवायतीसाठी काडतुसे देण्यात आली. त्यांतल्या ८५ जणांनी ती घ्यायला नकार दिला. त्या काळची काडतुसे कागदी पुडीची असत; पुडी फोडायची, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. चरबीची कथा शाळेत मुलांना मी तीस वर्षे शिकवली, पण तिच्यातली एक गोष्ट ठासणीची बंदूक हातात घेईपर्यंत माझ्या नीट लक्षात आली नाही. हे लोक व्यवसायाने सैनिक होते. माणसे मारायला त्यांची ना नव्हती. कंपनीसाठी त्यांनी ती मारलीही होती. त्यांनी चाप ओढायला नकार दिला नाही. त्यांनी भरायला नकार दिला. धर्मबुद्धी म्हणा, अहंता म्हणा, अफवेची भीती म्हणा, जे काही होते ते भरण्याच्या क्षणी जागे झाले. त्या क्षणी वस्तू हातात असते आणि शत्रू समोर नसतो, म्हणून माणसाला स्वतःकडे पाहता येते. शत्रू समोर उभा राहिल्यावर कुणाचेही लक्ष स्वतःकडे जात नाही.

परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू ठासणीवाल्याच्या विरुद्ध जाते, आणि ती टाळून हा विषय मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फौजदारी कायदा अचानक डिवचल्याने रागाच्या भरात घडलेल्या वधाकडे थोड्या सौम्य नजरेने पाहतो आणि थंड डोक्याने योजलेल्या वधाकडे कठोरपणे. मग संध्याकाळी शांतपणे छर्रे ठासणारा माणूस चाप ओढून मोकळ्या होणाऱ्यापेक्षा अधिक दोषी ठरत नाही काय? ठरतो, असेच मला वाटते. ठासणीची बंदूक माणसाला अहिंसक करीत नाही. ती त्याची सबब काढून घेते. “हात कसा चालला कळलेच नाही” हे वाक्य तिच्या मालकाला बोलता येत नाही.

माझ्या घरी हा प्रश्न फार लवकर व्यवहारात आला. एका संध्याकाळी ओढ्याकाठच्या दीड एकर मक्याची वाट लागलेली पाहिली. वनखात्याचा पहिला परवानगीचा कागद तेव्हा हातात होता, आणि त्या रात्री मी तिसऱ्या रेघेपर्यंत ठासली. माळ्यावर बसलो. डुकरे आली नाहीत. त्याऐवजी दोनच्या सुमारास मक्याच्या कडेने काहीतरी काळे, बुटके, हळूहळू सरकत आले. मी बुडाला टोपी लावलेली नव्हती. चाचांचा नियमच तो, की जनावर दिसल्याखेरीज टोपी नाही. टोपी चाचपेपर्यंत त्या काळ्या आकृतीने खाकरले. ती मेंढरे घेऊन उतरलेल्या धनगराची म्हातारी होती. चुकार कोकरू शोधत होती. तिला ते सापडले. ती मला “कोन हाय रं वर?” म्हणाली आणि निघून गेली. मी वर कोण होतो, याचे उत्तर मी दिले नाही.

एवढ्यावर भागले नाही. सकाळी भरलेली बंदूक घरी आली. काडतूस असते तर काढून खिशात टाकले असते. ठासलेला बार तसा काढता येत नाही. एक तर तो उडवायचा, नाहीतर गजाला पेच लावून बोळा उपसायचा. पत्नीने गज घेतला, नळीत सोडला, रेघ पाहिली. तिला चाचांच्या खुणा माझ्याआधी पाठ झाल्या होत्या.

“अहो, ही आतलं घेऊन घरात ठेवायची नाही,” ती म्हणाली.

“टोपी काढलेली आहे. टोपीशिवाय उडत नाही.”

“टोपीचं मला सांगू नका. तुमचं काल रात्रीचं मन आहे ते आत. ते घेऊन पोरं झोपतात त्या खोलीत नाही यायचं.”

आता ही बाई तत्त्वज्ञान शिकलेली नाही, पण माझ्या दोन वर्षांच्या विचारात याहून नेमके मला काही सापडलेले नाही. राग येतो आणि जातो, असे आपण म्हणतो. त्या सकाळी माझा राग गेलाच होता. धनगराच्या म्हातारीने तो नेला होता. पण नळीत तो जशाच्या तसा उरला होता, घट्ट ठासलेला. माणसाचे मन बदलले तरी त्याने जगात करून ठेवलेली तयारी आपोआप बदलत नाही. मनाची गोष्ट मनातच संपते असे धरून चालणारे पुष्कळ सज्जन लोक याच ठिकाणी ठेच खातात. मृत्युपत्र, फिर्याद, एखाद्या नातेवाइकाविषयी चारचौघांत बोललेले वाक्य यांचीही जात हीच. आपण मराठीत “ठासून सांगितले” म्हणतो, ते काही उगीच नाही.

महाभारताच्या सौप्तिकपर्वात या प्रश्नाचे फार मोठे रूप आलेले आहे. अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही अस्त्र सोडतात. ऋषी मध्ये पडतात आणि दोघांना अस्त्रे मागे घ्यायला सांगतात. अर्जुन घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही. सोडण्याची विद्या त्याच्याकडे आहे, आवरण्याची नाही. आणि मग ते अस्त्र उत्तरेच्या गर्भावर पडते, ज्याने कुणाचे काही केले नव्हते त्याच्यावर. व्यासांनी दोघांतला फरक शौर्याचा दाखवला नाही, नेमबाजीचाही नाही. फरक परत घेता येण्याचा आहे. हे वाचले की मला तो पेच आठवतो. चाचांनी सरंजामात तो घातला तेव्हा मला वाटले होते, ही फुकटची विक्री. आज कुणी पहिली बंदूक घेत असेल तर मी सांगेन की बाकी सगळे नंतर घ्या, पेच आधी घ्या.

त्या सकाळी मी ओसरीत बसून बार उपसला. नळीत पाणी ओतून दारू मारली, पेच फिरवत फिरवत वरचा बोळा धरला, छर्रे ताटलीत ओतले, मग खालचा बोळा, मग काळा चिखल. भरायला मिनिटभर लागले होते. उपसायला पाऊण तास लागला. आबा समोरून जात होते. थांबून म्हणाले, “उडवून टाकायची की हवेत. कशाला खटाटोप?” त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. परंतु हवेत उडवलेले छर्रे हवेत राहत नाहीत, आणि मागे घेणे आणि दुसरीकडे सोडून देणे यांत फरक आहे.

आता मूळ प्रश्न. डुक्कर मारावे की नाही? आमचा रस्ता एका टोकाला देवगिरीला जोडलेला आहे आणि दुसऱ्या टोकाला पैठणला, आणि दोन्ही टोके नाथांची आहेत. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी समाधीत असताना किल्ल्यावर हल्ला झाला, तेव्हा एकनाथांनी गुरूचे चिलखत चढवून शत्रूला परतवले, अशी कथा आहे. पुढे याच नाथांनी तापलेल्या वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात काशीहून आणलेले गंगेचे पाणी घातले, अशीही कथा आहे. आम्ही लहानपणी दुसरी कथा भक्तीने ऐकत असू आणि पहिली उत्साहाने. दोन्ही एकाच माणसाच्या आहेत याचा विचार कीर्तनकाराने करायला लावल्याचे आठवत नाही. मला तरी त्यांत विरोध दिसत नाही. गुरूच्या जागी उभे राहिलेल्या नाथांनी हत्यार घेतले ते स्वतःच्या अंगावर घेतले. चिलखत चढवून, समोर जाऊन. तार लावून ते घरी झोपले नाहीत.

गांधीजींनी १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या वासराला मृत्यू देवविला आणि त्यावर मोठे वादळ उठले. त्याच वेळी आश्रमाच्या पिकाची नासाडी करणाऱ्या माकडांचा प्रश्नही त्यांनी चर्चेला घेतला. वासराच्या बाबतीत हेतू वासराच्या हिताचा होता. माकडांच्या बाबतीत तो आपल्या हिताचा असणार, म्हणून ती हिंसा होय, मग ती टाळता येवो अगर न येवो, अशा आशयाचा भेद त्यांनी केला. शेतकऱ्याला हा भेद सोईचा नाही, पण तो खरा आहे. मी डुक्कर मारीन ते डुकराच्या कल्याणासाठी नव्हे. मक्यासाठी मारीन, आणि मक्याला पुण्याचे नाव देणार नाही. उलट जो शहरात बसून माझी भाकरी खातो आणि माझ्या बंदुकीला नाक मुरडतो, त्याच्यासाठीही मी ते नाव देणार नाही. त्याच्या ताटातल्या घासामागे कुणाचा तरी माळा आहे, कुणाचा तरी विषारी फवारा आहे, हे त्याने त्याचे पाहावे.

तेव्हा मी माझ्यापुरता जो क्रम ठरवला आहे तो असा. एरवी सगळा हंगाम दुसरी रेघ. तिसरी रेघ गाठायची ती परवानगीचा कागद चालू असेल तेव्हाच, मी स्वतः माळ्यावर जाणार असेन तर, त्याच रात्रीपुरती; आणि सूर्योदयाला नळी रिकामी, मग पाऊण तास लागो की दीड तास. भरलेली बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. दुसऱ्याने भरलेली आपण हातात घ्यायची नाही. आपल्याकडे दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवण्याला नावे ठेवतात. दुसऱ्याने ठासलेली बंदूक उडवण्यालाही ठेवायला हवीत. या क्रमाने डुकरे कमी झाली का, असे आबा विचारतात. थोडी झाली. आवाजाने ओढ्यापलीकडे गेली, म्हणजे आबांच्या बाजूला. यावर आबांचे म्हणणे असे की तुमचे तत्त्वज्ञान माझ्या मक्यावर चालले आहे. या आक्षेपाला माझ्याकडे नीटसे उत्तर नाही. तूर्त मी एवढेच केले आहे की आठवड्यातल्या तीन रात्री त्यांच्या माळ्यावर बसतो, आणि त्यांनी तार काढली आहे.

वनखात्याचा यंदाचा कागद गेल्या सोमवारी आला. मका कणसाला आला आहे आणि काढणीला अजून महिना आहे. चाचा आता दुकानात बसत नाहीत. त्यांच्या जागी बसणारा मुलगा गजावर खुणा करीत नाही, कुणी मागत नाही म्हणतो. माझ्या गजावरची तिसरी रेघ हात लागून लागून पुसट झाली होती, ती मी कानशीने पुन्हा ओढली. दुसरीपासून ती बोटभरच लांब आहे.